दिसतंय म्हणजे सुटलं का?

आज मंडळाच्या जेवणात एकजण पुन्हा तेच बोलला, "हेलिकॉप्टरवाल्याने नीट बघायला नको होतं का?" ताट तसंच ठेवून उठले. तिथे बोलले नाही, म्हणून इथे लिहितेय.

२९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर उतरणारं, विचिटाहून आलेलं प्रवासी विमान आणि लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर पोटोमॅक नदीवर धडकले. ६७ माणसं गेली. त्यात शिबिराहून परतणारी स्केटिंगची मुलं होती, काहींचे आईबाबा सोबत.

२०२३ ला बाबा आले होते तेव्हा मी त्यांना ह्याच विमानतळाशेजारच्या ग्रॅव्हली पॉइंटला, विमानं बघायला नेलं होतं. एसटीत हयात गेलेला माणूस, भोर-महाड, वरंधा घाट. डोक्यावरून विमान गेलं की टाळ्या वाजवायचे. तेवढ्यात नदीवरून एक हेलिकॉप्टर गेलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "अगं, ह्यांची आणि त्यांची वाट एकच?" मी म्हटलं, बघून जातात बाबा. तर म्हणाले, "घाटात रात्री समोरचा दिवा दिसतो. तो कुठल्या वळणावर आहे, ते नाही दिसत."

त्या रात्री नियंत्रकाने विचारलं, विमान दिसतंय का? हेलिकॉप्टरमधून उत्तर आलं, दिसतंय, आम्ही अंतर राखतो. शहरभर दिवे, उतरणाऱ्या विमानांची रांग, त्यात नेमका कुठला दिवा दिसत होता त्यांना?

हो, हेलिकॉप्टर त्या वाटेवरच्या २०० फूट उंचीच्या मर्यादेच्या वर होतं. मान्य. पण मर्यादा पाळली असती तरी विमान ज्या धावपट्टीवर उतरत होतं तिकडे येणारं विमान आणि हेलिकॉप्टर, यांच्यात उंचीचं अंतर जास्तीत जास्त ७५ फूट! वरंध्यात दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एक थांबते, मागे घेते. आकाशात कोण मागे घेणार? १९९६ ला चरखी दादरीवर दोन विमानं हवेत धडकली, त्यानंतर आपल्याकडे विमानांत टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं, पण जमिनीच्या इतकं जवळ आल्यावर ते यंत्रसुद्धा 'वर जा, खाली जा' असं सांगत नाही.

आणि कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ मध्ये तिथे विमान आणि हेलिकॉप्टर एकमेकांच्या फार जवळ आल्याच्या १५,२१४ नोंदी होत्या. नोंदी! कुणीतरी लिहून ठेवत होतं, आणि वाट तीच राहिली. माझ्या बाबांना ते एका दुपारी कळलं, नकाशा न बघता.

लष्कराला, पोलिसांना उडावं लागतं, कळतं मला. मग विमान उतरत असताना हेलिकॉप्टर लांब थांबवा. पाच मिनिटं थांबेल ते. मार्च २०२५ मध्ये हेलिकॉप्टरचा तो मार्ग विमानतळाजवळ कायमचा बंद केलाच ना? म्हणजे करता येत होता. आधीही येत होता.

मेलेल्या पायलटांवर बोट ठेवू नका, प्लीज. त्यांचीही घरं आहेत.

मार्ग बंद झाल्याचं बाबांना फोनवर सांगितलं, तेव्हा बराच वेळ पलीकडून काही आवाजच नाही. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाले, "ती पोरं केवढी होती गं?"