१९६७ हे साल विधानसभेचं, लोकसभेचं नव्हे

निवडणुका जवळ आल्या की बारामतीवरचा एक मजकूर पुन्हा फिरू लागतो. शब्द इकडेतिकडे होतात, आशय हाच: “बारामती लोकसभा १९६७ पासून पवारांकडे आहे. तिथे पवार आडनावाचा माणूस कधी पडलेला नाही. २०१४ च्या लाटेत सुप्रिया सुळे यांची मतं घटली, समोर कमळ असतं तर त्या गेल्याच होत्या. बारामती तालुका ज्याच्या मागे, खासदार त्याचा.” चार वाक्यं आहेत आणि चारही नोंदींपुढे टिकत नाहीत.

“१९६७ पासून पवारांकडे”

१९६७ साली शरद पवार निवडून आले ते बारामती विधानसभा मतदारसंघातून. लोकसभेचा मतदारसंघही त्याच नावाचा असल्यामुळे दोन्हींचा इतिहास एकात एक मिसळला जातो. विधानसभेची साखळी खरोखर अखंड आहे: १९६७ ते १९९० शरद पवार, १९९१ च्या पोटनिवडणुकीपासून २०२४ पर्यंत अजित पवार.

लोकसभेचं चित्र वेगळं आहे. १९५७ मध्ये केशवराव जेधे, १९६२ मध्ये गुलाबराव जेधे, १९६७ मध्ये तुळशीदास जाधव, १९७१ मध्ये र. के. खाडिलकर, सगळे काँग्रेसचे. १९७७ मध्ये जनता पक्षाचे संभाजीराव काकडे, १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसचे शंकरराव पाटील. शरद पवार इथून पहिल्यांदा खासदार झाले १९८४ मध्ये, समाजवादी काँग्रेस या काँग्रेसपासून वेगळ्या पक्षातर्फे. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या त्या निवडणुकीत काँग्रेसने राज्यातल्या ४८ पैकी ४३ जागा घेतल्या होत्या. त्या लाटेत मिळवलेली ही जागा म्हणजे पवारांच्या कारकिर्दीतला एक मोठा विजय. ‘पहिल्यापासून आमचीच’ म्हणणारे नकळत त्याचीच किंमत कमी करतात.

यावर उत्तर येतं की खासदार कुणीही असो, सूत्रं पवारांचीच होती. १९८९ बद्दल हे म्हणता येईल. तेव्हा शंकरराव पाटील पुन्हा निवडून आले आणि पवार त्याच काँग्रेसचे मुख्यमंत्री होते. पण १९७७ मध्ये पवार काँग्रेसमध्ये आणि खासदार जनता पक्षाचा. १९८० मध्ये पवार इंदिरा काँग्रेसच्या विरोधात आणि खासदार नेमका इंदिरा काँग्रेसचा. दोन्ही वेळा बारामतीचे आमदार मात्र शरद पवारच. मतदार विधानसभेला एक आणि लोकसभेला दुसरं ठरवत होता, हे याहून स्पष्ट कसं दिसणार?

हा गोंधळ टिकून राहण्याचं एक कारण तांत्रिक आहे. निवडणूक आयोगाच्या सार्वत्रिक निवडणुकीच्या सांख्यिकी अहवालांत पोटनिवडणुका नसतात. त्यामुळे फक्त ते अहवाल एकाखाली एक लावले की बारामतीची निम्मी गुंतागुंत गळून पडते. १९८४ मध्ये लोकसभा जिंकलेले पवार १९८५ च्या मार्चमध्ये विधानसभेवरही निवडून आले. दोन्हीकडे राहता येत नाही; राज्यातली जागा १४ दिवसांत सोडली नाही तर संसदेतली आपोआप रिकामी होते. पवारांनी राज्य निवडलं आणि पोटनिवडणुकीत संभाजीराव काकडे पुन्हा लोकसभेत गेले. (याला पवारांचा पराभव म्हणू नये. जनता पक्ष तेव्हा पुरोगामी लोकशाही दल (पुलोद) या आघाडीत त्यांच्यासोबतच होता.) १९९१ मध्ये अजित पवार खासदार झाले; पण शरद पवार केंद्रात संरक्षणमंत्री झाल्यावर त्यांना सहा महिन्यांत संसदेचं सदस्य होणं भाग होतं, म्हणून अजित पवारांनी जागा मोकळी केली. १९९३ मध्ये शरद पवार मुख्यमंत्री म्हणून राज्यात परतले आणि १९९४ च्या पोटनिवडणुकीत बापूसाहेब थिटे निवडून आले.

दुसरा खड्डा १९७७ च्या अहवालात आहे. तिथे काकडे यांच्यापुढे ‘भारतीय लोक दल’ दिसतं, कारण जनता पक्ष ती निवडणूक लोक दलाच्या चिन्हावर लढला होता. तो वेगळा पक्ष समजून आणखी एक कहाणी रचायची गरज नाही.

एकूण हिशेब असा: पवार घराण्याबाहेरचे सात जण इथून खासदार झाले. १९५७ ते १९९६ या ३९ वर्षांत घराण्याकडे ही जागा मिळून तीन वर्षांच्या आसपासच होती. अखंड ताबा १९९६ पासूनचा.

“पवार कधी पडले नाहीत”

बारामती लोकसभेत उभे राहिलेले पहिले पवार पडलेच होते. केशवराव जेधे १९५९ मध्ये वारले. त्यानंतर १९६० च्या पोटनिवडणुकीत शरद पवारांचे थोरले बंधू वसंतराव शेतकरी कामगार पक्षातर्फे उभे होते. घर शेकापचं, शरद पवार मात्र काँग्रेसचे कार्यकर्ते, त्यांनी भावाच्या विरोधात प्रचार केला. निवडून आले काँग्रेसचे गुलाबराव जेधे. म्हणजे घरातली फूट ही २०२४ ची नवलाई नव्हेच. ही पोटनिवडणूक असल्यामुळे तीही वरच्या अहवालांत सापडत नाही.

दुसरा पराभव २०२४ चा. अजित पवारांच्या पत्नी सुनेत्रा पवार शरद पवारांच्या कन्या सुप्रिया सुळे यांच्याकडून १,५८,३३३ मतांनी हरल्या.

“२०१४ मध्ये मतं घटली, कमळ असतं तर…”

मतं घटली नाहीत, मताधिक्य घटलं. २००९ मध्ये सुळे यांना ४,८७,८२७ मतं होती, २०१४ मध्ये ५,२१,५६२. फरक पडला तो समोरच्या बाजूला: २००९ मध्ये भाजपच्या कांता नलावडे यांना १,५०,९९६ मतं होती, २०१४ मध्ये भाजपचा मित्रपक्ष असलेल्या राष्ट्रीय समाज पक्षाचे महादेव जानकर ४,५१,८४३ पर्यंत गेले. मताधिक्य ३,३६,८३१ वरून ६९,७१९ वर आलं ते विरोधी मतं तिपटीला गेल्यामुळे. सुळे यांच्यासाठी सर्वांत अटीतटीची लढत हीच. २०२४ चा गाजावाजा मोठा असला तरी अंतर त्याच्या दुपटीहून जास्त होतं.

कमळाचा प्रयोग पुढच्याच वेळी झाला. २०१९ मध्ये कांचन कुल भाजपच्या चिन्हावर लढल्या आणि ५,३०,९४० मतांपर्यंत पोहोचल्या. पण सुळे ६,८६,७१४ वर गेल्या, मताधिक्य १,५५,७७४. चिन्ह बदलून मतं वाढली, दरी मात्र रुंदावली. २०१४ ला कमळ असतं तर काय झालं असतं हे कुणी सिद्ध करू शकत नाही. पाच वर्षांनी काय झालं ते मात्र छापील आहे.

“बारामती तालुका ज्याच्या मागे…”

या लोकसभेत सहा विधानसभा मतदारसंघ आहेत: बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर, भोर आणि खडकवासला. खडकवासला २००८ च्या पुनर्रचनेत तयार झाला. पुण्याला लागून असलेला शहरी भाग, तिथलं मतदान ग्रामीण तालुक्यांच्या चालीने चालत नाही. २०१९ मध्ये सुळे तिथे मागे होत्या. २०२४ मध्येही त्या जिथे मागे पडल्या असा सहापैकी तो एकच, सुमारे २० हजारांनी. बारामतीत त्यांना सुमारे ४८ हजारांची आघाडी मिळाली. ती पूर्ण वजा केली तरी लाखाहून अधिक मताधिक्य उरतं.

त्याच वर्षी सुळे यांचं चिन्ह होतं ‘तुतारी वाजवणारा माणूस’, आणि एका अपक्षाच्या चिन्हाचं मराठी नावही ‘तुतारी’ असं छापलं गेलं. त्या अपक्षाला सुमारे १५ हजार मतं पडली. बारामतीत त्याने निकाल हलला नाही. साताऱ्यात मात्र त्याच चिन्हावरच्या अपक्षाची मतं विजयी मताधिक्यापेक्षा जास्त निघाली.