तेरेखोलची हद्द नदीतून जात नाही

महाराष्ट्रातल्या रेडीहून तेरेखोलला जाताना नदी ओलांडावी लागत नाही, तरी आपण गोव्यात शिरतो. शाळेत असताना पहिल्यांदा गेले तेव्हा बाबांच्या हातात रस्त्यांचा घडीचा नकाशा होता. त्यात महाराष्ट्र-गोव्याची हद्द तेरेखोल नदीच्या मधोमध थेट समुद्रापर्यंत नेलेली. म्हणजे नकाशाप्रमाणे आम्ही महाराष्ट्रातच, आणि समोरच्या दुकानावर पाटी: तेरेखोल, पेडणे, गोवा. बाबा म्हणाले, "पाटी चुकलीय." दुकानातल्या आजी आतूनच म्हणाल्या, "पाटी बरोबर आसा. नकाशो चुकलो."

नकाशावाल्याचं काय झालं असेल ते आज कळतं. वर आरोंद्याजवळ नदी हीच हद्द आहे. तीच रेघ त्याने मुखापर्यंत ओढत नेली. पण मुखाशी, नदीच्या उत्तर काठावर, सावंतवाडीकर सावंतांचा किल्ला होता. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो जिंकला आणि १९६१ पर्यंत सोडला नाही. १९५४ च्या १५ ऑगस्टला गोमंतकीय सत्याग्रहींनी तिरंगा फडकवला तो याच किल्ल्यावर. म्हणून आजही नदीअलीकडचा एवढासा तुकडा पेडणे तालुक्यात आहे, आणि तिथल्या लोकांना थेट आपल्या तालुक्याकडे जायचं तर केरीची फेरीबोट धरावी लागते. रेघ नदीतून गेली की हे सगळंच पुसलं जातं. मला राग येतो तो याचा.

आपल्याकडे शेताची मोजणी असली की शेजारचे चार जण बांधावर येऊन उभे राहतात. वीतभर बांध सरकला तर भावाभावांचं बोलणं पिढ्यान्‌पिढ्या बंद होतं. तीच माणसं आपण, आणि राज्याची हद्द अख्ख्या गावासकट चुकली तर "रस्त्यांचाच नकाशा आहे, चालायचंच" म्हणून सोडून देतो. चालायचंच कसं? २०१० मध्ये निकाराग्वाचे सैनिक सान हुआन नदीच्या मुखाशी कोस्टा रिकाच्या दाव्यातल्या जमिनीवर उतरले आणि त्यांच्या कमांडरने गूगलच्या नकाशाकडे बोट दाखवलं. त्या नकाशातली रेघ काही ठिकाणी २.७ किलोमीटरपर्यंत चुकल्याचं गूगलनेच मान्य केलं. ती जमीन कोस्टा रिकाचीच, हा आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल यायला २०१५ चा डिसेंबर उजाडला.

तेरेखोलच्या त्या दिवसापासून मला अशा वेड्यावाकड्या जागांचं वेड लागलं. नवापूरचं स्टेशन बघायला मुद्दाम गेले होते. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली, स्टेशन त्याआधीचं, त्यामुळे एकाच फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत. हद्दीवरच्या बाकावर लोक शेजारी शेजारी बसतात, एक या राज्यात, एक त्या.

पण माझं सगळ्यात आवडतं ठिकाण होतं दहाला खगराबाडी. कूचबिहारच्या सीमेवरचं जेमतेम पावणेदोन एकराचं तागाचं शेत. भारताचं. त्याच्या भोवती बांगलादेश, त्याच्या भोवती पुन्हा भारत, आणि त्याही भोवती बांगलादेश! कॉलेजात असताना मी ते कागदावर काढून मैत्रिणींना दाखवायचे. पुढे तिथल्या छिटमहलांबद्दल वाचलं. भारताच्या अशा १११ वस्त्या बांगलादेशात आणि बांगलादेशच्या ५१ भारतात. हजारो माणसं वीज, शाळा, मतदान यांपासून दूर, कारण ज्या देशाचे ते नागरिक तिथे जायला दुसरा देश ओलांडावा लागे. १९७४ मध्ये झालेला करार अमलात यायला ३१ जुलै २०१५ ची मध्यरात्र उजाडावी लागली. वस्त्यांची अदलाबदल झाली आणि माझं ते शेत नकाशातून गेलं. मला त्याचा आनंदच झाला. कुतूहल माझं होतं, दिवस त्यांना काढावे लागत होते.

तेरेखोल मात्र आहे, आणि आजही एखाद्या छापील नकाशात, एखाद्या पर्यटन पत्रकात नदीतून रेघ गेलेली दिसते. दिसली की मी छापणाऱ्याला पत्र लिहिते. दोनदा उत्तर आलं, एकदा पुढच्या आवृत्तीत दुरुस्तीही झाली.

बाबांनी त्या दिवशी फेरीबोटीची वाट बघताना खिशातलं बॉलपेन काढलं आणि हद्द नदीतून उचलून किल्ल्याच्या मागच्या अंगाने नेली. नकाशा घड्यांवर विरलाय, पण ती निळी रेघ स्पष्ट आहे.

तुमच्या गावाची शीव नकाशात चुकली असेल तर गाव, तालुका आणि नेमकं काय चुकलंय ते खाली लिहा. पत्र मी लिहीन.