आतून पोकळ आहे, फसवलं तुला!

वरच्या मजल्यावरच्या काकांना माझ्या मिनी ड्रिलचा आवाज खटकला म्हणून ते सांगायला खाली आले. बरं, आवाज बंद कर म्हणून सांगायला आलेला माणूस सांगून परत जातो ना? हे खुर्ची ओढून बसले.

मी गॅलरीत मास्क आणि गॉगल लावून कार्बन फायबरचा रॉड कापत होतो. मॉडेल विमानाच्या पंखाचा सांगाडा करतोय, टोकापासून टोकापर्यंत मीटरभर. हा रॉड पकडीने तोडायचा नसतो, आतले धागे सगळे लांबीच्या दिशेने धावतात, पकडीने दाबला की टोकाचा खराटा होतो. म्हणून कापायच्या जागी मास्किंग टेप गुंडाळायची, डायमंडची चकती हळूहळू फिरवायची आणि मग टोक ओल्या पॉलिश पेपरवर घासायचं. ओल्याच, कारण ती काळी धूळ फुफ्फुसात नको, अंगाला लागली तर खाज सुटते, आणि वर ती वीज वाहून नेते म्हणजे विमानातल्या रेडिओ रिसीव्हरच्या आसपासही नको. एवढं सगळं सांभाळत मी चकती टेकवतोय आणि कानाशी आवाज, "पतंग का रे?"

"विमान, काका. पंख आहे."

"मग काळा का? रंग दे की."

रंगाला वजन असतं म्हटलं, तर हसले. टेबलावरची चार मिलिमीटरची नळी उचलली, एक डोळा मिटून आरपार माझ्याकडे बघितलं आणि अत्यंत दुःखाने म्हणाले, "अरे, आतून पोकळ आहे! फसवलं तुला!"

आता काय सांगायचं. तरी सांगितलं. पंख वर वाकतो तेव्हा वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते, मधल्या मालाला फारसं काम नसतं, म्हणून मधलं काढून टाकायचं. तेवढ्याच वजनाचा भरीव रॉड घेतला तर तो बारीक होतो आणि जास्त लवतो. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे रे, पण पुट्टी भरून घे."

मग त्यांना वजनाचा काटा दिसला, पॉइंट झिरो वन ग्रॅमवाला. हे काय मोजतोस? म्हटलं, गोंद. आणि हे मी खरंच मोजतो. नळीची चकचकीत पाठ आधी घासायची, नाहीतर गोंद धरत नाही, मग बाल्साची, म्हणजे अगदी हलक्या लाकडाची, रिब (पंखाची आडवी बरगडी) बसवायची, सांध्याला बारीक धागा गुंडाळायचा आणि त्यावर पातळ सीएचा, म्हणजे सुपरग्लूचा, एक थेंब, तो आपोआप धाग्यात शिरतो. एकच. दोन टाकले तर सांधा दुप्पट मजबूत होत नाही, गोंदाचं वजन मात्र दुप्पट होतं. अख्खा सांगाडा सव्वीस ग्रॅम भरला होता आणि हे मला कोणाला तरी सांगायचं होतं, तर समोर हे.

"सव्वीस? मग मजबूत कसं असेल?"

इथे माझं डोकं फिरलं. हलकं म्हणजे तकलादू हे या लोकांच्या डोक्यात कोणी भरलंय काय माहीत. म्हटलं काका, बोइंग 787 च्या ढाच्याचं वजनाने जवळपास निम्मं सामान कंपोझिट, म्हणजे धागे आणि रेझिन मिळून केलेलं, असतं, त्यात मुख्य म्हणजे हेच कार्बन फायबर. तर म्हणे, "म्हणूनच मी विमानात बसत नाही. कार्बन म्हणजे शेवटी कोळसाच ना?" एडिसनने 1879 साली सुती धागा भाजून कार्बनचा केला आणि बल्बमध्ये पेटवून दाखवला, तेव्हा त्याच्याही वरच्या मजल्यावर कोणीतरी असणारच, "पण वात का नाही लावत?" विचारणारं.

आणि मग, मी पाण्याचा ग्लास आणायला आत गेलो तेवढ्यात, काकांनी मजबुती तपासली. अंगठ्याने. डाव्या टोकाजवळची रिब कट्कन गेली, आणि मागच्या कडेच्या रॉडचं टोक मी अजून घासलं नव्हतं त्याची कुसळ त्यांच्या बोटात. कार्बनची कुसळ वाईटच, चिमट्याने ओढली की आतच तुटते. तर माझा पंख बाजूला आणि मी भिंग घेऊन काकांचं बोट कोरतोय, आणि ते जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगतायत, "विषारी काड्या आहेत याच्याकडे!"

कालपासून येता जाता लोक मला काकांच्या बोटाची चौकशी करतायत. वर एक सल्ला, असले पोरखेळ या वयात कशाला. तेच मी रोज तासभर खाली गाडी पुसत बसलो असतो तर निगा राखणारा माणूस म्हणून कौतुक झालं असतं. मोबाईलमध्ये मान घालून बसलो असतो तर कोणी विचारलंही नसतं. हाताने काहीतरी केलं की लगेच याला कामधंदा नाही. असो, असो म्हणायचं फक्त, राग काही जात नाही.

रिब जोडली. बाल्साची ठिगळी आणि सीए मिळून पाव ग्रॅम वाढला, तोही अगदी टोकाला, म्हणजे विमान डावीकडे कलणार. त्यामुळे आता उजव्या टोकाला तेवढंच वजन चिकटवावं लागेल. थेंब थेंब गोंद वाचवला आणि आता स्वतःच्या हाताने पंखावर काकांचा अंगठा डकवायचा, दोन्हीकडे सारखा.