पाचारण फक्त धर्मगुरूंनाच असते काय? : एक खुलासा

‘देवाचे पाचारण, म्हणजे एखाद्या कामासाठी देवाने बोलावणे, केवळ पाळक, फादर आणि सिस्टर यांना असते, इतरांची नोकरी व घरकाम हा निव्वळ पोटापाण्याचा भाग होय,’ असा मजकूर नागपुरातील ख्रिस्ती कुटुंबांमध्ये मोबाइलवरून फिरत आहे. तो शास्त्राला धरून नाही.

धर्मसेवेची दीक्षा हे वेगळे पाचारण आहे, यात वाद नाही. मात्र बायबलमधील कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ‘जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून मनापासून करा’ या आशयाची आज्ञा येते, ती धर्मगुरूंना नव्हे, तर घरोघरी राबणाऱ्या दासांना उद्देशून आहे. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर यांनी १५२० मध्ये चांभार, लोहार आणि शेतकरी यांना आपापले काम सांभाळूनही याजकच मानले. कॅथोलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६४ मध्ये प्रापंचिक व्यवहारातच सामान्य श्रद्धावंतांचे पाचारण असल्याचे स्पष्ट केले. आपल्या नागपुरात १८४५ मध्ये आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप येथील खडक व जीवाश्मही तितक्याच आस्थेने अभ्यासत, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते.

रात्रपाळीत अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवणारी परिचारिका देवाचेच काम करत असते, आणि तिला तसे कोणीतरी सांगायला हवे.

मात्र पाचारणाच्या नावाखाली कमी पगार किंवा अन्याय निमूटपणे सोसावा, असाही अर्थ कोणी काढू नये. कारण ‘पाचारण झाले त्या स्थितीत राहा’ असे सांगणारा प्रेषित पौल बायबलमधील करिंथकरांस पहिल्या पत्रात (७:२१) दासाला मोकळे होण्याची संधी मिळाल्यास ती साधण्यासही सांगतो.