एकशे आठ म्हणजे शुगर नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी. मराठी माणसांचा ग्रुप जिथे असेल तिथे सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. गणपती मंडळाच्या ग्रुपवर आहे, भिशीच्या बायकांत आहे, तालमीच्या पोरांत तर आहेच. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: तिशीच्या आत उपाशीपोटीची साखर एकदा जरी शंभरच्या वर गेली तरी शुगर झालीच, ती परत फिरत नाही. एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी, कधी चुकत नाही. हातापायाला मुंग्या, थकवा, सारखी लघवी, लघवीच्या जागी मुंग्या जमणं ही पक्की लक्षणं. घरी मशीन आणा आणि दिवसातून पाच-सहा वेळा बघा. मात्र डॉक्टरकडे जाऊ नका, कारण गोळ्या खपवायला कंपन्यांनी आकडे खाली आणलेत. गोळी एकदा लागली की सुटत नाही, वर किडनी जाते. तेव्हा इन्सुलिनसकट सगळं बंद करा, कारल्याचा रस आणि खाली दिलेला काढा घ्या.

आधी पोटात गोळा आणायचा आणि मग डॉक्टरचं दार बंद करायचं, अशी ही बांधणी आहे. मी बेळगावात एका लॅबमध्ये रक्त काढतो. निदान करणं माझं काम नाही. पण रिपोर्टवरचा आकडा कसा तयार होतो ते रोज माझ्या हाताखालून जातं, आणि हा मेसेज वाचून खिडकीशी येणारी वीस-पंचवीस वर्षांची पोरंपोरी बघवत नाहीत. "काका, एकशे आठ आलीय. लागली काय ओ मला?"

‘एकदा शंभरच्या वर गेली की झालीच.’

नाही झाली. उपाशीपोटी 100 च्या आत असेल तर नॉर्मल, 126 आणि पुढे मधुमेहाची हद्द, आणि 100 ते 125 ही मधली पट्टी, जिला प्रीडायबेटिस म्हणतात. हा अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटना मधली पट्टी 110 पासून धरते. म्हणजे 108 वाला पोरगा एका पुस्तकात प्रीडायबेटिक आणि दुसऱ्या पुस्तकात ठणठणीत, रक्त तेच! आणि समजा 126 च्या वर गेला, तरी ठळक लक्षणं नसताना एका आकड्यावर कुणी शिक्का मारत नाही. दोन पुरावे लागतात: एकाच वेळच्या रक्तात उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी दोन्ही हद्दीबाहेर, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या रक्तात पुन्हा तेच.

असं का, ते आमच्या खिडकीशी सकाळी तासभर उभं राहिलं की समजतं. उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास पाण्याशिवाय काही नाही. "काय खाल्लंस काय?" "काय नाही काका." "चहा?" "चहा तेवढा घेतला की." दुसरा उद्यमबागेतल्या नाइट शिफ्टवरून घरी न जाता थेट आलेला, झोप मोडली की शरीरात कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन वाढतं आणि सकाळची साखर वर सरकते. कुणी चार दिवसांपूर्वी तापात होता, कुणी अंगावरच्या खाजेसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या घेतेय आणि ते स्टेरॉइड आहे हे तिला ठाऊकच नाही. यांतल्या प्रत्येकाचा आकडा खराच असतो. तो त्या सकाळचा असतो, एवढंच.

उलटंही घडतं, त्यावर मेसेजमध्ये अवाक्षर नाही. साखरेचं रक्त राखाडी टोपीच्या नळीत घ्यायचं असतं, कारण तिच्यात सोडियम फ्लोराइड असतं. नळीत गेल्यावरही रक्तातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत तासाला साधारण 5 ते 7 टक्के साखर अशी उडून जाते. फ्लोराइडलाही त्यांना पुरतं आवरायला तास-दोन तास लागतात. खेड्यातल्या कलेक्शन सेंटरवर सकाळी सातला काढलेलं रक्त दुचाकीच्या डिकीतून दुपारी बेळगावात पोचलं आणि नळी भलतीच असली, तर 130 चं 105 होऊन छापलं जाऊ शकतं. मग ज्याने खरोखर डॉक्टरकडे जायला हवं तो निर्धास्त होऊन घरी जातो. तेव्हा रक्त काढताना टोपीचा रंग बघा. विचारलं तर कुणी रागावत नाही, आणि रागावलाच तर दुसरी लॅब आहेच की.

आता ‘परत फिरत नाही’चं. मधल्या पट्टीत असणारे थोडेथोडके नाहीत. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीत, जी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली, देशातले 11.4 टक्के प्रौढ मधुमेही आणि 15.3 टक्के प्रीडायबेटिक निघाले. या मधल्या लोकांचं पुढे काय होतं ते चेन्नईच्या डॉक्टरांनी तीन वर्षं पाहिलं आणि 2006 मध्ये छापलं. 531 माणसं, वय 35 ते 55. ज्यांनी नेहमीसारखंच चालू ठेवलं त्यांतले 55 टक्के तीन वर्षांत मधुमेहात गेले. ज्यांनी चालणं आणि खाणं बदललं त्यांतले 39 टक्के. म्हणजे ही पट्टी हसण्यावारी न्यायची नाही हे खरं. पण तिथून सगळे एकाच दिशेला जातात हे धादांत खोटं. आणि त्या अभ्यासात माणसं घेतानासुद्धा ग्लुकोजचं पाणी पाजून दोनदा तपासून घेतली होती. अभ्यासवाल्यांनी एका आकड्यावर विश्वास ठेवला नाही, आपण मात्र ठेवायचा!

‘एचबीएवनसी कधी चुकत नाही.’

ही तपासणी चांगली आहे. लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, त्या काळात तिच्यावर किती साखर चिकटली ते मोजतात, म्हणून दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. चहा घेतला तरी बिघडत नाही. 5.7 च्या आत नॉर्मल, 6.5 पासून मधुमेह. पण सगळा हिशेब लाल पेशींच्या आयुष्यावर उभा आहे, आणि आपल्याकडे बायकांच्या लाल पेशींची अवस्था काय आहे? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्त कमी निघालं. लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असलं की साखर न वाढताही एचबीएवनसी वर दिसू शकतं. हिमोग्लोबिन साडेआठ आणि एचबीएवनसी 5.9 असा कागद घेऊन कॉलेजची पोरगी रडत येते. तिच्या घरात आधी भात बंद होतो, मग गूळ, मग लग्नाची बोलणी थांबतात. आणि लोहाची गोळी कुणाच्या लक्षातच येत नाही. उपाशीपोटीची साखर नॉर्मल आणि एचबीएवनसी वर, असा मेळ बसत नसेल तर आधी हिमोग्लोबिन बघायचं. याउलट नुकतंच रक्त गेलं असेल, रक्त चढवलं असेल, किंवा पेशी लवकर फुटण्याचा आजार असेल, तर एचबीएवनसी खोटं कमी येतं.

‘मुंग्या, थकवा, लघवी…’

लघवीच्या जागी मुंग्या जमतात, पण कधी? रक्तातली साखर साधारण 180 च्या पुढे गेली की मूत्रपिंडाला ती आवरत नाही आणि लघवीत उतरते. 108 वर ती उतरत नाही. खानापुरात पावसाळ्यात मुंग्या देवघरातही असतात.

हातापायांच्या मुंग्यांचं वेगळं. मधुमेहाने नसा बिघडायला सहसा वर्षं लागतात. पोरांमध्ये कारण बहुतेक दुसरंच असतं: बी-12 कमी, तासन्‌तास मोबाईल धरून मोडलेली मान, किंवा निव्वळ भीती. घाबरलं की माणूस भरभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि ओठांना, बोटांना मुंग्या येतात. छाती धडधडते, घाम फुटतो, हात कापतो. मग मेसेज पुन्हा वाचला जातो आणि सगळी लक्षणं ‘जुळतात’.

‘घरी मशीन आणा.’

ज्याला मधुमेह आहे आणि इन्सुलिन चालू आहे त्याच्यासाठी ते मशीन जीव की प्राण. निदानासाठी ते नव्हेच. त्याचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे (2013 चं), त्यात 100 च्या वर 15 टक्के इकडे-तिकडे झालेलं चालतं. खरी साखर 110 असेल तर मशीनने 94 दाखवलं तरी ते पास आणि 126 दाखवलं तरी पास. नॉर्मल, प्रीडायबेटिस आणि मधुमेह, तिन्ही एकाच थेंबात! त्यातून बोटाला गुळाचा खडा किंवा कुंदा लागलेला असेल तर विचारूच नका. पट्ट्यांची डबी आपल्या दमट पावसात उघडी राहिली तर तेही आलंच.

पण माझा मुख्य आक्षेप मशीनच्या चुकीवर नाही, त्या पाच-सहा वेळांवर आहे. धडधाकट माणसाची साखरसुद्धा भात खाल्ल्यावर चढते आणि उतरते. तासाभराने 140 च्या आसपास दिसली म्हणून काही बिघडलेलं नसतं. ज्याच्या मनात धास्ती बसलीय त्याला मात्र प्रत्येक चढ नवा पुरावा वाटतो. भीतीने ॲड्रिनलिन सुटतं, ते यकृतातली साखर रक्तात ढकलतं, आकडा आणखी वर. मग दुसरं बोट. आकडा चांगला आला तर अर्धा तास बरं वाटतं, आणि पुन्हा हात मशीनकडे. काही पोरांच्या दहाही बोटांच्या टोकांवर काळे ठिपके दिसतात. रिपोर्ट सगळे नॉर्मल, तरी लॅब बदलून तेच रक्त पुन्हा देणारे आहेत. पैसे आमच्याच गल्ल्यात येतात, तरी सांगतो: अशाला चौथी लॅब लागत नाही, बोलायला माणूस लागतो. तपासण्यांच्या या चक्रातून बाहेर काढणारे समुपदेशक असतात. धारवाडच्या डिमहान्सचं, म्हणजे तिथल्या मानसिक आरोग्य संस्थेचं, नाव काढलं की आपल्याकडे लोक हसतात, हसू देत. तेवढं लांब जायचं नसेल तर 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, आणि मराठीतही बोलता येतं.

‘कंपन्यांनी आकडे खाली आणले.’

यात अर्धं खरं आहे. उपाशीपोटीची हद्द पूर्वी 140 होती, ती 1997 मध्ये 126 झाली. कारण ग्लुकोज पिऊन दोन तासांनी ज्यांची साखर 200 च्या वर जायची, डोळ्यांच्या पडद्याला इजा व्हायची, अशा कितीतरी लोकांची उपाशीपोटीची साखर 140 च्या बरीच आत असायची आणि ते सुटून जायचे. 2003 मध्ये मधल्या पट्टीची खालची कड 110 वरून 100 वर आणली, त्यावर मात्र डॉक्टरांमध्येच वाद झाला आणि जागतिक आरोग्य संघटनेने ती मानली नाही. शंका घ्यायचीच तर तिथे घ्या. मेसेजची गंमत अशी की सुरुवातीला तो याच 100 च्या आकड्याने तुम्हाला घाबरवतो आणि नंतर तोच आकडा कंपन्यांचा डाव म्हणून सांगतो.

‘गोळीने किडनी जाते, काढा घ्या.’

पहिली गोळी सहसा मेटफॉर्मिन असते. जुनं, स्वस्त, जनऔषधीत मिळणारं औषध. ते किडनी बिघडवत नाही. ते किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून किडनी मुळातच खराब झाली तर डॉक्टर ते कमी करतात किंवा थांबवतात. शेजारच्या काकांची गोळी बंद झाली आणि किडनीही गेली, एवढंच गल्लीला दिसतं. कारल्याचं म्हणाल तर भाजी खुशाल खा.

राहिलं इन्सुलिन, आणि इथे माझा आवाज चढतो. तरुण वयात टाइप वन मधुमेह सुरू होऊ शकतो. त्यात शरीर इन्सुलिन बनवणं जवळजवळ थांबवतं. बारीक पोरं असतात, घरात कुणाला शुगर नसते, कधीकधी आधी टाइप टू, म्हणजे नेहमीचा मधुमेह, समजून गोळ्याही सुरू होतात. जीएडी अँटिबॉडी (शरीर आपल्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटलंय का) आणि सी-पेप्टाइड (स्वतःचं इन्सुलिन किती बनतंय) या रक्ततपासण्यांनी उलगडा होतो. 1922 मध्ये इन्सुलिन हाती येण्याआधी अशी मुलं वाचत नसत. त्यांचं इन्सुलिन बंद करून काढा दिला तर काही दिवसांत, कधी एका दिवसातही, रक्त आम्लाने भरतं.

तेव्हा एखादं पोर दोन-तीन आठवड्यांत झपाट्याने वाळलं, घागरभर पाणी पितंय, रात्रीतून चार वेळा उठतंय, आणि आता उलट्या, पोटदुखी, खोल भरभर श्वास सुरू झालाय, तर ‘सकाळी उपाशीपोटी या’ हा नियम विसरा. अशी लक्षणं असताना कुठल्याही वेळची साखर 200 किंवा त्याच्या वर निघाली की ती एकच तपासणी पुरते. बेळगावचं सिव्हिल असो की तालुक्याचा सरकारी दवाखाना, कॅज्युअल्टी रात्री उघडी असते. गाडी काढा आणि जा.