आराखडा नाही म्हणजे शिस्त नाही? : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार काका,

(सही करताना तुम्हीच ‘तुझ्या काकाच्या वयाचा एक निवृत्त इंजिनिअर’ असं लिहिलंय, म्हणून काका म्हणतेय. राग नसावा.)

तुमची प्रतिक्रिया लांबलचक होती आणि खरं सांगते, मला आवडली. ‘छान लेख’, ‘मस्त ताई’ यांच्या गर्दीत कुणीतरी नीट भांडायला आलं. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये सुट्टीत आम्ही दहा-बारा जण मिळून हजारो डॉमिनोंची (एकापुढे एक उभे करायचे छोटे आयताकृती ठोकळे; पहिल्याला टिचकी मारली की बाकीचे ओळीने पडत जातात) मांडणी करतो, आणि कागदावर आधी काहीही काढत नाही. त्यावर काकांचं म्हणणं असं: हे आळसाला दिलेलं गोंडस नाव आहे, हॉलंडच्या ‘डॉमिनो डे’ या टीव्हीवरच्या विक्रमी कार्यक्रमात लाखो ठोकळे पडले ते काटेकोर आराखड्यामुळेच, आपल्याकडे दहीहंडीचे थरसुद्धा सरावाशिवाय आणि ठरवल्याशिवाय लागत नाहीत, आणि मुलांना ‘बसा, सुचेल ते करा’ असं शिकवणं घातक आहे. शिवाय शेवटी एक प्रश्न: रांग पडताना मध्येच अडकली तर?

आधी डॉमिनो डे, कारण तिथे तुमचं म्हणणं बऱ्याच अंशी बरोबर आहे. 13 नोव्हेंबर 2009 ला नेदरलँड्समधल्या लेउवार्डन शहरात 44 लाख 91 हजार 863 ठोकळे पडले. तो आकडा ‘सुचेल ते करा’ म्हणून गाठता येत नाही. कोणता देखावा कुठे, कोणत्या रंगाचे किती खोके कुठे उतरवायचे, टीव्हीवर कुठल्या मिनिटाला काय दिसायला हवं, सगळं आधी ठरलेलं असणार. लावायला युरोपातल्या वेगवेगळ्या देशांतली तरुण मुलं यायची आणि आठवडेच्या आठवडे गुडघ्यांवर बसायची. रॉबिन पॉल वेयर्स हा त्या सगळ्यामागचा माणूस. त्याला मी आराखडा फेकून दे म्हणायला गेले तर तो मलाच हॉलबाहेर काढेल.

पण त्याच कार्यक्रमातली 2005 ची गोष्ट बघा. कार्यक्रमाला चार दिवस उरले असताना एक चिमणी हॉलमध्ये शिरली आणि तिच्यामुळे सुमारे 23 हजार ठोकळे आडवे झाले. (पुढे त्या चिमणीला गोळी घातली, त्यावरून नेदरलँड्समध्ये प्रचंड गदारोळ झाला, मारणाऱ्याला दंड झाला, आणि ती चिमणी आता पेंढा भरून रॉटरडॅमच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात ठेवली आहे. हा वेगळ्या लेखाचा विषय.) हॉलमध्ये तेव्हा चाळीस लाखांहून जास्त ठोकळे लावायचं काम चालू होतं. मग पडले फक्त 23 हजार, ते का? तर मांडणीत साडेसातशेच्या आसपास गॅप, म्हणजे मुद्दाम सोडलेल्या मोकळ्या जागा, ठेवलेल्या होत्या. चार दिवसांनी कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला आणि 41 लाख 55 हजार 476 ठोकळे पडून नवा विक्रमही झाला.

त्या दिवशी कामाला आल्या त्या गॅप. कागदावरचा आराखडा कितीही सुंदर असता तरी त्याने चिमणीला अडवलं नसतं. माझा सगळा मुद्दा इथेच आहे आणि मागच्या लेखात तो मी घाईत एका ओळीत उरकला होता, म्हणून आता जरा सावकाश सांगते.

‘गॅप’ म्हणजे लावता लावता रांगेतले पाच-सहा ठोकळे मुद्दाम न लावणं. चुकून धक्का लागला तर पडझड तिथे थांबते. सगळं लावून झालं की शेवटी, श्वास धरून, या गॅप भरायच्या. आमच्याकडे आराखडा नसतो, पण गॅपचा नियम मोडणाऱ्याला दयामाया नसते. ‘गॅप ठेवलीस का?’ हा प्रश्न हॉलमध्ये दिवसभर ऐकू येतो. सातवीतली पोरगी कुणाच्याही आईला तो विचारू शकते, आणि विचारतेच.

आता तुम्ही इंजिनिअर आहात म्हणून थोडं यांत्रिकीच्या अंगाने. डॉमिनोच्या रांगेतून पडण्याची जी लाट जाते तिचा वेग पहिल्या टिचकीवर ठरत नाही. हळू ढकला नाहीतर जोरात, सुरुवातीचे काही ठोकळे गेले की वेग स्थिरावतो. तो ठरतो ठोकळ्याची उंची, जाडी, दोन ठोकळ्यांमधलं अंतर आणि घर्षण यांवर. शिवाय पडायला लागणारी ऊर्जा प्रत्येक ठोकळा उभा राहतानाच घेऊन आलेला असतो, त्यामुळे रांग लांबली म्हणून लाट थकत नाही.

याचा आमच्यासाठी अर्थ काय? हॉलच्या खिडकीकडे बसलेल्या माणसाने काय लावलंय हे दाराकडच्या माणसाला ठाऊक असण्याची गरजच नसते. दोघांच्या तुकड्यांचं शेवटचं वीतभर अंतर एकसारखं असलं, म्हणजे ठोकळ्यात ठोकळ्यात दोन-अडीच सेंटिमीटर, की ते तुकडे जोडता येतात. आमचे ठोकळे 48 मिलिमीटर उंच, 24 रुंद आणि साडेसात जाड असतात, सगळे एका मापाचे. ठरवाठरवी जी काही व्हायची ती त्या मापात आणि त्या अंतरात आधीच झालेली असते. म्हणून कागद लागत नाही. मापं वेगवेगळी असती तर लागला असता. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या लॉर्न व्हाइटहेड यांनी 1983 मध्ये दाखवलं होतं की एक डॉमिनो आपल्यापेक्षा साधारण दीडपट मोठा डॉमिनो पाडू शकतो. तशी चढत्या आकारांची रांग लावायची असेल तर मीसुद्धा आधी हिशोब मांडेन. तिथे अंदाजपंचे दाहोदरसे चालत नाही.

आणि आता दहीहंडी. तुमचा हा दाखला ऐकायला जोरदार आहे, पण इथे लागू पडत नाही. गोविंदा पथकं गुरुपौर्णिमेपासून सरावाला लागतात, कोण कुठल्या थरात हे पक्कं असतं, आणि ते असायलाच हवं, कारण तिथे प्रत्येक जण खालच्याच्या खांद्यावर उभा असतो. खालचा डगमगला की वरचा पडतो, आणि पडतात ती हाडामांसाची माणसं. डॉमिनोत माझा तुकडा तुमच्या तुकड्यावर उभा नसतो, शेजारी असतो. गॅप भरेपर्यंत तुमचं पडलं तर तुमचंच पडतं. एकमेकांचा भार नाही तिथे एकमेकांची परवानगी घेत बसायची गरज नसते. जिथे भार येतो, म्हणजे ठोकळ्यांचे मनोरे किंवा भिंती रचताना, तिथे आम्हीही एका मनोऱ्यावर एकाच माणसाचा हात ठेवतो. दुसऱ्याने फक्त ठोकळे पुरवायचे आणि तोंड बंद ठेवायचं.

एक प्रसंग सांगते, म्हणजे ‘ठरवलेलं नसतं’ तेव्हा नेमकं काय होतं ते कळेल. गेल्या खेपेला एका मुलाने खांबाजवळ भलंमोठं चक्र लावायला घेतलं, बाहेरून आत वळत जाणारं. सुंदर होतं. पण अशा चक्राची एक गोची असते: रांग मध्यभागी पोहोचली की संपते, बाहेर यायला वाटच नाही. पलीकडे एका आजींनी भिंतीलगत निळ्या-पांढऱ्या ठोकळ्यांचा पट्टा आणला होता आणि तो थेट त्या चक्राच्या तोंडाशी येऊन थांबला होता. आराखडा असता तर कुणीतरी आधीच सांगितलं असतं की इथे दुहेरी चक्र कर, आत जाणाऱ्या रांगेच्या शेजारून बाहेर येणारी रांग ठेव. इथे चक्र जवळपास पूर्ण झालेलं. मुलगा म्हणाला, मोडतो. आजी म्हणाल्या, काही नको मोडायला.

मग दोघं उकिडवे बसले आणि पट्ट्याच्या शेवटच्या ठोकळ्यासमोर आजींनी एकाऐवजी दोन ठोकळे शेजारी शेजारी लावले, असे की पडणारा ठोकळा दोघांच्याही अर्ध्या अर्ध्या अंगावर यावा. तिथून रांगेला दोन फाटे फुटले. एक गेला चक्रात, मध्यभागी जाऊन विरायला. दुसरा खांबाला वळसा घालून पुढे निघाला. वळसा घालताना प्रत्येक ठोकळा जेमतेम तिरका करायचा असतो, नाहीतर कोपरा निसटतो आणि लाट तिथेच मरते. तो वळसा त्या मुलाने लावला, आजींनी पालथी मांडी घालून बाजूने डोळा लावून तपासला, आणि तीन ठोकळे काढून पुन्हा लावायला सांगितले. लाट फाट्यापाशी आली तेव्हा एकाच वेळी दोन बाजूंना धावली, आणि हॉलमध्ये सगळ्यात मोठा आरडाओरडा त्याच क्षणी झाला. हे कुणी कागदावर काढलं नसतं, कारण कागदावर खांब अडचण म्हणून दिसला असता आणि आम्ही तो कोपरा टाळला असता.

याचा अर्थ आराखडा कधीच नको, असं मी म्हणत नाहीये. चित्र हवं असेल, म्हणजे ठोकळे पडल्यावर किंवा पडण्याआधी वरून बघताना एखादा चेहरा किंवा झेंडा दिसायला हवा असेल, तर चौकटीच्या कागदावर ठोकळा न् ठोकळा रंगवून घेण्याला पर्याय नाही. तिथे प्रत्येक ठोकळा चित्राचा एक ठिपका असतो आणि ठिपका चुकला की नाक गालावर जातं. रंगांचंही तसंच. आमच्याकडे दुपारपर्यंत लाल संपतो हे ठरलेलं, कारण पहिले तीन जण लालच उचलतात. आणि तुम्ही न विचारलेली एक गोष्ट मीच सांगून टाकते: पडतानाचा कार्यक्रम म्हणून आराखड्याचं काम उजवंच असतं. त्यात चढउतार असतो, शेवटी मोठा धमाका असतो. आमच्यात सगळ्यात भारी मनोरा पहिल्याच मिनिटात कोसळून जातो आणि मग बराच वेळ साध्या रांगा खळखळत राहतात. बघणाऱ्यापेक्षा लावणाऱ्याला जास्त मजा येणारा हा प्रकार आहे. मला ते चालतं. सगळ्यांना चालेल असं नाही.

एकट्याने लावायचं असेल तर हा वादच उरत नाही. 2003 मध्ये सिंगापूरला मा लीहुआ या चिनी तरुणीने एकटीने लावलेले 3 लाख 3 हजार 621 ठोकळे पडले होते. तिथे डोक्यात काय आहे ते दुसऱ्या कुणाला समजावायचंच नव्हतं. प्रश्न माणसं वाढली की सुरू होतो, आणि माणसं वाढली की आराखडा हवाच, असं तुम्ही गृहीत धरताय. मला वाटतं, माणसं वाढली की नियम हवेत. ते मोजके हवेत आणि सगळ्यांना पाठ हवेत. अमेरिकेत बॉब स्पेका हा या खेळाचा आद्य माणूस. 1978 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन सेंटरमध्ये त्याच्या लाखभर ठोकळ्यांच्या मांडणीवर टीव्हीच्या एका कॅमेरामनचं ओळखपत्र पडलं आणि रांग वेळेआधीच सुटली. स्पेकाचा आराखडा चांगलाच असणार. कॅमेरामनने ओळखपत्र खिशात ठेवायचं, हा नियम मात्र कुणी केलेला नसावा.

आमच्या हॉलच्या दारावर म्हणूनच नकाशा नाही, एक यादी आहे. पंखे बंद. (मे महिन्यात हे पाळणं म्हणजे काय असतं ते तुम्ही येऊन बघा.) ओढणी कमरेला खोचायची, गळ्यात काही लटकणारं नको, घड्याळ आणि सैल बांगड्या काढून ठेवायच्या. मोबाईल वरच्या खिशात नाही. शहाबादी फरशीच्या सांध्यावर ठोकळा उभा करायचा नाही, तो आज उभा राहतो आणि तासाभराने आपणहून पडतो. उठताना आधी मागे बघायचं. कुणाचं पडलं तर ओरडायचं नाही, कारण दचकून दुसऱ्याचा हात हलतो. आणि गॅप.

मुलं यातून काय शिकतात, हा तुमचा शेवटून दुसरा मुद्दा. त्यावर फार मोठं काही म्हणायचं नाहीये. शाळेच्या प्रोजेक्टमध्ये आराखडा कोण काढतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे: एक हुशार मुलगी. बाकीचे चार जण तिने सांगितलेलं चिकटवतात. आमच्याकडे असं डोकं चालवायचं काम एकावर येत नाही, एवढं मी बघितलंय. त्या चक्रवाल्या मुलाला फाटा कसा फोडायचा ते आता कुणी सांगावं लागत नाही. दुहेरी चक्रही त्याने घरी करून बघितलं, कॅरम बोर्डावर. आईने फोटो पाठवला.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: ‘आणि मध्येच अडकलं तर?’ अडकतं. जवळपास दर वेळी कुठेतरी अडकतं, बहुतेकदा भरलेल्या गॅपमध्येच, कारण ती घाईत भरलेली असते आणि तिथलं अंतर वाढलेलं असतं. विक्रमाच्या वेळी कुणी बोट लावलं तर पुढचे ठोकळे मोजत नाहीत, म्हणून तिथे सगळे हात बांधून उभे असतात. आमच्याकडे जो सगळ्यात जवळ असेल तो वाकतो आणि बोटाने टिचकी मारतो.