लक्ष्मी रोड बंद करा. एक दिवस नाही, कायमचा

आत्ता बैठकीतून घरी आले. डोकं इतकं तापलंय की लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही. लांबणार आहे, सांभाळून घ्या.

विषय आपल्या सगळ्यांचाच. पुण्यातल्या लक्ष्मी रोडचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा पट्टा गाड्यांना बंद करायचा की नाही. 2021 पासून 11 डिसेंबरला पादचारी दिन म्हणून महापालिका तो दिवसभर बंद ठेवते. आता तसं कायम करता येईल का, यावर रहिवासी, व्यापारी आणि साहेब लोक समोरासमोर बसले होते. आणि जो तो एकच सांगत होता, "एक दिवस ठीक आहे हो, पण रोज?"

का नाही रोज?

आईची गोष्ट सांगते. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. आम्ही नारायण पेठेत राहतो, लक्ष्मी रोड हाकेच्या अंतरावर, पण ती तिकडे जायचंच सोडून बसली होती. एकदा फुटपाथवर चढलेल्या स्कूटरचा आरसा तिच्या कोपराला लागला, आणि वर त्या मुलानेच "आजी, बघून चाला" असं ऐकवलं. तेव्हापासून तिने धसका घेतला. पादचारी दिनाला मी तिला जवळजवळ ओढतच नेलं. रस्ता मोकळा बघून तिने पहिलं काय विचारलं असेल? "आज पालखी आहे का गं?" मग माझा हात सोडला आणि भर रस्त्याच्या मधून चालायला लागली. मध्येच थांबून वर बघत राहिली. जुन्या वाड्यांच्या गॅलऱ्या, लाकडी कठडे. म्हणाली, "अगं, हे अजून आहे?" एरवी तिची नजर पायाखालच्या उखडलेल्या फरशीवर आणि पाठीमागच्या हॉर्नवर. वर बघणार कधी?

आज बैठकीत हे सांगायला उठले, तर "ताई, भावनिक होऊ नका" म्हणून मला खाली बसवलं. भावनिक! दुकानदारांनी धंद्याचं बोललं की तो मुद्दा, आणि म्हातारं माणूस चार वर्षं रस्ता ओलांडू शकलं नाही, ही भावना?

बरं, बैठक होती पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही. ज्यांच्यासाठी चालायचा रस्ता हवाय, त्यांनी जिना कसा चढायचा? साहजिकच खोलीत सगळे धडधाकट, आणि अर्ध्या जणांच्या हातात गाडीची किल्ली. साहेब "लोकभावना लक्षात घेऊ" म्हणाले. ती लोकं खालीच राहिली की साहेब.

साड्यांच्या दुकानाचे एक काका मात्र मनापासून बोलले. त्यांच्याकडे बस्त्याला सासवडहून, भोरहून माणसं येतात. दहा जणांचं कुटुंब, पाच-सहा मोठ्या पिशव्या, ती उचलून किती चालणार? त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. माझ्या लग्नाचा बस्ता त्यांच्या वडिलांनीच बांधून दिला होता, त्यामुळे त्यांना उलट बोलताना मलाही जड गेलं. बस्त्याचं मान्य आहे, काका. पण आज तरी तुमच्या दुकानासमोर गाडी लावायला मिळते का त्यांना? मंडईजवळच्या वाहनतळात लावून चालतच येतात ना? आणि 2024 च्या सप्टेंबरपासून मंडईला मेट्रो उतरते. पिशव्या वाहनतळापर्यंत पोचवायला एक पोरगा ठेवणं तुम्हाला जड नाही.

केळकर रोड आणि कुमठेकर रोडवाले चिडलेत. सगळी गर्दी त्यांच्या दारात येणार म्हणतात. येईल थोडी, नाही म्हणत नाही. अग्निशमनाची गाडी आणि रुग्णवाहिका यांना वाट हवी, आतल्या वाड्यांमध्ये राहणाऱ्यांना आपली दुचाकी घरापर्यंत नेता आली पाहिजे, हेही खरं. मग त्याची सोय करा की! दुकानांचा माल रात्री उतरवा. रहिवाशांना पास द्या. मध्यंतरी दहा रुपयांत दिवसभर पेठांमधून फिरवणाऱ्या छोट्या बस काढल्या होत्या, तशा पुन्हा लावा. यातलं अशक्य काय आहे?

आणि हा रस्ता बंद राहू शकत नाही, असं पुणेकरांनी तरी म्हणू नये. विसर्जनाला चोवीस तासांच्या वर बंद असतो. दोन्ही पालख्या याच रस्त्याने जातात, तेव्हाही बंद. तेव्हा कुणी कोलमडतं का? आपणच बाप्पा बघायला अलका चौकापर्यंत तासन्‌तास चालतो, लेकरांना खांद्यावर घेऊन. बाप्पासाठी जमतं, माउलींसाठी जमतं. आईसाठी का जमू नये?

2016 साली महापालिकेने पादचारी धोरण मंजूर केलं. धोरण! चालणाऱ्याचा मान पहिला, असं त्यात कागदावर आहे. आणि आज त्याच शहरात "चालणाऱ्यांचं किती ऐकायचं" असं भर बैठकीत एका गृहस्थांनी विचारलं. कुणी त्यांना अडवलं नाही. मला त्याचा जास्त त्रास झाला.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या काकांशी मला भांडायचं नाहीये. त्यांचं दुकान चाललं पाहिजे, तो रस्ता त्या दुकानांमुळेच लक्ष्मी रोड आहे. म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे: दिवाळीची गर्दी ओसरली की सलग दोन महिने, फक्त शनिवार-रविवार बंद ठेवून बघा. दुकानदारांनी आपापल्या बिलांचा हिशेब ठेवावा. धंदा खरंच बसला, तर पुढच्या बैठकीत तो सगळ्यांसमोर मांडा, आपण ऐकू. पण करून न बघताच "होणार नाही" हे मी ऐकून घेणार नाही.

आई परवाही विचारत होती, "परत कधी बंद करणारेत गं?" मी काय सांगू तिला, डिसेंबर?

अर्ज लिहून तयार आहे. दोन महिन्यांच्या प्रयोगाची मागणी, आणि पुढची बैठक तळमजल्यावर घ्या ही दुसरी. रविवारी सकाळी कुंटे चौकापासून सह्या घ्यायला सुरुवात करतेय, आधी दुकानदारांकडेच जाणार. बरोबर कोण येतंय ते खाली लिहा. घरातल्या आजी-आजोबांच्या सह्या घरीच घेऊन ठेवल्यात तर मी येऊन नेईन.